मोजलेलं शून्य

६ जानेवारी

प्रिय भाऊजी,

नमनाला घडाभर तेल घालत नाही. माझं पत्र बघून तुम्हाला काळजी वाटेल, म्हणून पहिल्यांदा तेच सांगते. तुमचे दादा बरे आहेत. भूक चांगली आहे, झोप माझ्यापेक्षा चांगली आहे, रक्तदाब तर तरण्या माणसाचा आहे. आठवण तेवढी झिजत चाललीय.

गेल्या महिन्यात तुम्ही फोन केलात तेव्हा त्यांनी तुमचं बोलणं ऐकून घेतलं आणि फोन माझ्या हातात देत म्हणाले, "कुणी अनोळखी माणूस मला दादा म्हणतोय." तुम्ही ते ऐकलंत. त्यानंतर तुमचा फोन आला नाही, आणि मी तुम्हाला दोषही देत नाही. पण परवा कपाट आवरताना तुमच्या हातचा पत्ता असलेलं एक जुनं पाकीट खाली पडलं. हे पलंगावरून म्हणाले, "धाकट्याचं अक्षर. कोंबडी कागदावरून चालत गेल्यासारखं." आवाज गेला, भाऊजी, पण अक्षर अजून आहे. म्हणून ह्यापुढे फोन नको, पत्र लिहा. त्यांच्यासाठी वेगळा कागद लिहा, तो मी त्यांच्या हातात देईन.

आणि दुसरी गोष्ट. रोज सकाळी चहा झाला की ते विचारतात, "धाकट्याने ती रेषा मोजली का?" मी म्हणते, अजून नाही. "मोजली की शून्य येईल बघ." चष्मा पुसतात, खिडकीतून बघतात आणि पुन्हा तेच विचारतात. दिवसा मदतीला एक नर्सताई येते. तिने विचारलं, आजोबा कुठल्या रेषेचं म्हणतात? आता तिला काय सांगावं? मी सांगितलं, सूर्याचा उजेड रंगांत पसरला की त्यात बारीक काळ्या रेषा दिसतात, आणि प्रत्येक रेषा कुठल्या ना कुठल्या अणूची असते. सूर्याच्या कडेजवळ बघितलं तर त्या रेषेतला प्रकाश एका दिशेला जरा जास्त थरथरतो, त्याला ध्रुवीकरण म्हणतात. तिथलं चुंबकीय क्षेत्र ही थरथर कमी करतं, फिरवतं. म्हणून थरथर मोजली की चुंबकाचा पत्ता लागतो. आजोबांनी जन्मभर ह्याचंच क्वांटम गणित केलं. त्यात एक रेषा अशी निघाली की तिच्या अणूची पातळी अगदी साधी, उजेड कुठल्या बाजूने आला हे तिला लक्षातच ठेवता येत नाही. म्हणून तिचं ध्रुवीकरण शून्य यायला हवं. आजोबांच्या गणितात शून्य येतं, त्यांच्या भावाच्या दुर्बिणीत येत नाही, आणि त्यावरूनच दोघे भांडले.

"आणि एवढ्यावरून भांडले?" ती म्हणाली.

"एवढ्यावरून," मी म्हटलं.

तुमचा सूर्य बघायच्या दुर्बिणीचा मनोरा मार्चअखेर बंद होतोय असं कळलं. त्याआधी ती रेषा एकदा मोजाल का? जे येईल ते लिहा. त्यांना "मोजली" एवढं तरी सांगता येईल. तेच उत्तर देऊन देऊन मी दमलेय.

तुमची
वहिनी

२७ जानेवारी

ती. वहिनी,

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं.

माझ्यातलं दादाच्या लक्षात काय राहिलं, तर अक्षर, आणि तेही नावं ठेवायला. जित्याची खोड. पण ते वाचून बरं वाटलं, हे कबूल करतो.

रेषेचं मात्र मला नका सांगू. त्या शास्त्रज्ञांच्या सभेत तुम्ही नव्हता, म्हणून तुम्हाला ते "एवढंसं" वाटतं. दुर्बिणीपुढच्या ध्रुवीकरण मोजणाऱ्या काचेतून मिळालेली आकृती मी दाखवली. रेषेच्या मधोमध लहानसा उठाव होता, दहा हजारांत एखाद-दुसरा भाग, पण होता. दादा पहिल्या रांगेत उठून उभा राहिला आणि म्हणाला, "ह्या गृहस्थांनी आधी काच सरळ बसवायला शिकावं." गृहस्थ! आई गेल्यावर ज्याने मला हाताला धरून पाटीवर गिरवायला शिकवलं, ज्याच्या जुन्या शर्टात मी कॉलेज केलं, त्याला मी गृहस्थ. सगळं सभागृह हसलं. मीसुद्धा हसलो, वहिनी, आणि त्याचाच मला आजवर जास्त राग येतो. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगायचं कुणाला?

त्यानंतर ती रेषा मी कुठे छापायला दिली नाही. मला बक्षीस नको होतं. दादाने एकदा "बरोबर आहे रे" म्हणावं, एवढंच हवं होतं. ह्या वयात सांगायला लाज वाटते, पण अजूनही तेवढंच हवं आहे. आणि आता तो म्हणालाच तरी ते कोण म्हणालं, असा प्रश्न पडेल.

मनोऱ्याचं म्हणाल तर लिफ्ट बंद पडलीय. कुणी दुरुस्त करत नाही, बंद होणाऱ्या जागेत कोण पैसा घालणार? जिना चढतो तेव्हा गुडघे मोठ्याने बोलतात. वर दोन आरसे सूर्याला पकडून खाली विहिरीसारख्या खोलीत सोडतात, तिथे मी आणि आमचा मेकॅनिक. त्याला सगळे "पाना" म्हणतात, कारण तो खिशात पाना ठेवून जेवायलाही बसतो. पाना म्हणतो, साहेब, शेवटचं काय मोजायचं ते मोजून घ्या, मग मी आरसे उतरवतो. बाकी खोल्या रिकाम्या झाल्यात. बोललं की आवाज घुमतो.

आकाश सध्या दुधासारखं पांढरं आहे, काही उपयोगाचं नाही. निवळलं तर बघतो. वचन देत नाही.

तुमचा दीर

१९ फेब्रुवारी

ती. वहिनी,

आकाश निवळलं. मोजली. दादाचा कागद सोबत आहे, त्याच्या हातात द्या.

मला ह्यावर जास्त काही लिहायचं नाही. प्रकरण मिटलं. तुम्ही जपा, दुपारी थोडं पडत जा.

तुमचा दीर

(वेगळा कागद)

ती. दादास,
ती रेषा सूर्याच्या कडेजवळ मोजली. ध्रुवीकरण शून्य आलं. तुझं गणित बरोबर होतं. काच तिरकी होती, ती आता सरळ बसवली आहे.
तुझा धाकटा

५ मार्च

प्रिय भाऊजी,

तुमचे आभार कसे मानू? कागद हातात दिला तर आधी अक्षर बघून हसले. मग वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. "म्हटलं नव्हतं?" असं मला, नर्सताईला आणि खिडकीला सांगितलं. नंतर कोट मागितला. कोट घालून तासभर खुर्चीत ताठ बसले होते, कुठेतरी व्याख्यानाला निघाल्यासारखे. नर्सताईने टाळ्या वाजवल्या तर मान लववून स्वीकारल्या.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर पुन्हा तोच प्रश्न. मी पुन्हा कागद दिला, आणि पुन्हा तोच आनंद, अगदी कोटासकट. आता रोज सकाळी आमच्याकडे तुमचं पत्र नव्याने येतं. इतकी स्वस्त खुशी ह्या घरात कित्येक वर्षांत आली नव्हती. ह्या आठवड्यात मी दुपारची खरंच झोपले. उठले तर कुठे आहे तेच कळेना.

तुम्हाला ते लिहिताना काय वाटलं असेल, ते मी जाणते. इतकी वर्षं जे डोळ्यांनी दिसत होतं ते चूक होतं, असं स्वतःच्या हाताने लिहायचं, तेही त्यालाच. मला तुमचं वाईट वाटतं, आणि स्वार्थ असा की बरंही वाटतं. एका घरात दोन्ही बाजूंची समजूत काढणारी मीच होते ना. एक भांडण कमी झालं.

पाना आरसे उतरवताना तुम्ही शिडीवर चढू नका. सल्ले खालूनही देता येतात.

तुमची
वहिनी

१७ मार्च

भाऊजी,

उत्तर आलं नाही. आता मला वाटतं की का आलं नाही, ते मला कळलंय.

परवा सकाळी नेहमीप्रमाणे कागद दिला. ह्यांनी वाचला, हसले, आणि मग हसू हळूहळू गेलं. कागद उलटा करून मागे बघितलं. म्हणाले, "अधिक-उणे किती?"

मी म्हटलं, काय?

"शून्य, पण अधिक-उणे किती? मोजलेलं शून्य असं नुसतं नसतं. त्याच्या आजूबाजूला थोडी अनिश्चितता असतेच. तू इतक्या-इतक्यापर्यंत खात्रीने शून्य म्हणू शकतोस, त्यापलीकडे नाही. हे मी त्याला पहिल्याच वर्षी शिकवलंय, तो कधी विसरला नाही." कागद पुन्हा सुलटा केला. मग म्हणाले, "हा आकडा दुर्बिणीतून आलेला नाही. हा पोरगा माझी समजूत काढतोय. काही झालंय का त्याला?"

दुपारपर्यंत ते विसरले. पण काल पुन्हा तेच झालं, आणि आजही. आनंद आता कोट घालेपर्यंतही टिकत नाही. रोज सकाळी त्यांना नव्याने काळजी लागते की धाकट्याला काहीतरी झालंय आणि हे लोक आपल्यापासून लपवताहेत. आज त्यांनी नर्सताईला विचारलं, "तो जिवंत आहे ना?"

मी एवढी शिकलेली बाई, चाळीस वर्षं ह्यांच्याबरोबर तीच समीकरणं सोडवली, आणि ते शून्य मी डोळे मिटून गिळलं. कारण मला ते हवं होतं. पण तुमचा मला राग आलाय, तो सांगून टाकते. तुम्ही दया म्हणून खोटं लिहिलंत आणि ते रोज वाचून दाखवायला मला ठेवलंत.

मग मी दुसरं केलं. तुमचं खरं उत्तर शून्य नाही असं धरलं, आणि मग आमच्या गणितात काय चुकलं असेल ते शोधत बसले. पंधरा वर्षांनी टेबलापाशी बसले होते. मान आखडली, पण सापडलं. ते आम्हीच नाही, सगळ्यांनीच केलंय. त्या अणूचं केंद्रकही एक छोटा चुंबक आहे, त्यामुळे ती साधी म्हणवणारी पातळी खरं तर दोन अगदी चिकटून असलेल्या पातळ्या आहेत. इतक्या चिकटून, की दोघींवर पडणारा उजेड सारखाच, असं आम्ही गणिताच्या पहिल्या पानावर धरून टाकलं. तसं धरलं की सगळं एकमेकांत कटतं आणि शून्य उरतं. पण तिथे रेषेच्या उतारावर उजेड भराभरा बदलतो. दोघींवर तो सारखा पडतच नाही. तेवढा फरक धरला की शून्य येत नाही, उठाव येतो. कसा येतो, त्याची आकृती मी काढून ठेवलीय. तुम्हाला पाठवत नाही, नाहीतर तुम्ही भलेपणाने तीच छापून पाठवाल. तुमची आली की शेजारी ठेवून बघेन.

दुर्बिणीत जे दिसलं ते पाठवा. अधिक-उणे लिहा.

वहिनी

२५ मार्च

ती. वहिनी,

झालं. चोर पकडला, तोही त्याच्या गुरूने. तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं, दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा "तो जिवंत आहे ना" इथे थांबावं लागलं.

शून्य आलं नव्हतं. फेब्रुवारीत आकाश खरंच निवळलं होतं, इतकं की कडेजवळची प्रतिमा हलेना. मी मोजली, पुन्हा मोजली. उठाव होता, तोच, तिथेच. पाना बाजूला उभा होता. तो म्हणाला, "साहेब, हे तुम्हाला हवं ते आलं का?" मी हो म्हणालो, आणि खुर्चीत बसून राहिलो. मनात म्हटलं, आता हे घेऊन कुठे जाऊ? ज्याला दाखवायचं तो माझा आवाज ओळखत नाही. खरं लिहिलं तर रोज सकाळी त्याला नव्याने चुकीचं ठरवायचं, आणि ते काम तुमच्या गळ्यात. त्यापेक्षा झाकली मूठ. मी माझ्या उठावावर पाणी सोडलं. तुम्ही दया म्हणता, मी थकवा म्हणतो. भांडायला दोन माणसं लागतात, आणि मला वाटलं की मी एकटाच उरलोय.

अधिक-उणे लिहायला विसरलो, हे मात्र माझ्या बुद्धीपलीकडचं आहे. आयुष्यात एकदाच खोटा आकडा लिहिला, तोही धड लिहिता आला नाही.

त्याने माझ्याबद्दल "तो कधी विसरला नाही" म्हटलं, हे खरं म्हटलं ना? का तुम्ही माझ्यासाठी घातलंत? उत्तर नका देऊ.

सोबत आकृती आहे आणि दादासाठी वेगळा कागद. तो जरा लांबला आहे. त्याचे सगळे आक्षेप मला पाठ आहेत, म्हणून उत्तरंही आधीच लिहून टाकली. सूर्याच्या ऐन मध्यावर मोजलं की उठाव जातो, तिथे शून्य येतं, आणि ह्या शून्याला अधिक-उणे लावलंय. काच तिरकी असती तर तिने मध्यावरही खोटा उठाव दाखवला असता. काचेला काय ठाऊक, आपण कुठे बघतोय? आरशांचे कोन दिवसभर बदलतात, म्हणून सकाळी मोजलं, दुपारी मोजलं. जवळपास सौरडाग नव्हता, म्हणजे चुंबकाच्या माथी मारता येणार नाही. तुमच्या नवऱ्याला आणखी काही सुचलं तर कळवा, पण लवकर. पाना महिनाअखेरीला वरचा आरसा उतरवणार आहे. तो खोक्यात गेला की ह्या मनोऱ्यात फक्त जिना राहील.

तुमच्या आकृतीबद्दल मी विचारत नाही. विचारायची फार इच्छा आहे.

तुमचा दीर

१६ एप्रिल

प्रिय भाऊजी,

आधी आकृतीचं. तुमची आणि माझी खिडकीच्या काचेवर एकावर एक ठेवली. आकार तोच आहे. मधला उठाव, दोन्ही बाजूंचे खळगे, सगळं तसंच. उंची मात्र माझी तुमच्या निम्मी भरते. कुठेतरी अजून काहीतरी राहिलंय. कदाचित चुंबकीय क्षेत्राचा हिशोब मी फार ढोबळ धरला असेल. ते कुणी तरुण माणूस शोधेल, माझ्याने आता व्हायचं नाही. पण शून्य नाही, भाऊजी, हे नक्की. तुमची काच तेव्हाही सरळ होती. मी हे आज लिहितेय, त्या सभेनंतर लगेच गणित तपासून लिहायला हवं होतं, असं मनात येतं, पण तेव्हा मलाही सुचलं नव्हतं. मलाही शून्यच बरोबर वाटत होतं.

आता ह्यांचं. तुमचा लांबलचक कागद पहिल्या दिवशी दिला तेव्हा अर्ध्यावरच चिडले. "काच तिरकी बसवली असणार." मी म्हटलं, पुढे वाचा. पुढे नेमकं काचेचंच होतं. "मग आरसे." पुढे आरसे. तिथे दमले आणि झोपले. दुसऱ्या दिवशी पुन्हा काचेपासून सुरुवात. असं रोज. एखाद्या दिवशी आरशांपर्यंत पोचायचे, एखाद्या दिवशी सौरडागापर्यंत, मग थकायचे. नर्सताईला सगळं पाठ झालंय. आजोबांनी "मग" म्हटलं की ती पोळी लाटता लाटता आतून पुढचं सांगते. तुमचे आक्षेप त्यांच्याच क्रमाने आहेत. किती वर्षं मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होतात तुम्ही?

मी फार कंटाळले होते, खोटं कशाला सांगू? एक दिवस ठरवलं होतं की हा कागद आता पुरे, जाळून टाकते.

परवा मात्र ते शेवटपर्यंत गेले. सकाळी डोळे वेगळेच होते, स्वच्छ. काच, आरसे, डाग, सगळं ओलांडलं आणि मला म्हणाले, "मग गणितात आहे. दाखव." मी पहिलं पान पुढे ठेवलं. त्यांनी बोट फिरवत नेलं आणि जिथे थांबायला हवं तिथे थांबले. मी काही बोलले नव्हते, शपथेवर सांगते. "दोघींवर सारखाच उजेड धरलाय," ते म्हणाले. "असं का धरलं आपण?" मी म्हटलं, सोपं जातं म्हणून. त्यावर ते हसले. मला वाटलं होतं की रडतील. अगदी लहान मुलासारखे खूश झाले, चूक सापडल्याबद्दल, आणि ती आपलीच आहे ह्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. मग म्हणाले, "कागद घे, लिही. मी नंतर विसरेन."

त्यांना माहीत आहे, भाऊजी. मला वाटत होतं की त्यांना माहीत नाही.

त्यांनी सांगितलं ते शब्दाला शब्द लिहिलं आहे. सही त्यांची आहे. तो कागद सोबत आहे, पण वाटेत गहाळ झाला तर म्हणून इथेही उतरवते:

"चि. धाकट्यास आशीर्वाद. तुझं मोजमाप तपासलं. काच सरळ आहे. रेषा शून्य नाही. तू बरोबर आहेस रे. चारचौघांत मी तुला बोललो, तसं बोलायला नको होतं. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही, तुझ्या वहिनीला विचार. परीक्षा संपली की घरी ये. थंडीचा कोट माझा घेऊन जा, मला दुसरा आहे. दादा."

हे खरं आहे. त्या रात्री ते जेवले नव्हते. का, ते मला आजपर्यंत माहीत नव्हतं.

सही झाली. मी टोपण लावेपर्यंत त्यांनी विचारलं, "कुणाला लिहितेस?" मी म्हटलं, धाकट्याला. "त्याला विचार, ती रेषा मोजली का? शून्य येईल बघ."

मी आत जाऊन नळ सोडून रडले. म्हटलं, तुम्हाला सांगावं की नाही? पण लपवाछपवी आता पुरे.

तुमची
वहिनी

२८ एप्रिल

ती. वहिनी,

कागद मिळाला. सही ओळखली. तीनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. पाना विचारत होता, साहेब, बरं नाही का? म्हटलं, बरं आहे.

मनोरा बंद झाला. आरसे खोक्यात गेले, किल्ली परत केली. दोन खोल्यांचं माझं सामान एका ट्रंकेत बसलं, ह्याचं वाईट वाटण्याइतकीही उमेद नव्हती. आता मला कुठेच जायचं नाही, म्हणून मी तुमच्याकडे येतोय. आठ-पंधरा दिवसांसाठी नाही. समोरची ती लहान खोली रिकामी असेल तर ती, नसेल तर कुठेही.

दादा मला ओळखणार नाही, हे धरून चाललोय. म्हणेल, कोण हे गृहस्थ? म्हणू दे. मी रोज सकाळी त्याच्यासमोर बसून कागदावर लिहीन, आणि अक्षर बघून त्याला कळेल की धाकटा आहे. मग तो काचेपासून सुरुवात करील. मी उत्तर देईन. तो आरसे काढील, मी उत्तर देईन. एखाद्या दिवशी शेवटापर्यंत जाईल, एरवी मधेच झोपेल, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काच. तुम्हाला ते पालथ्या घड्यावर पाणी वाटत असेल. मला नाही वाटत. इतकी वर्षं मी त्याच्याशी एकटाच भांडत होतो. आता समोर बसून भांडेन.

सकाळ ह्यापुढे माझ्याकडे. त्याचा चहाही मीच करीन. तुम्ही आत झोपून राहा, आणि आमचे आवाज चढले तरी उठायचं नाही.

तुमचा दीर